एक निळवं, शीग लावून

“अहो, एक राहिलं!”

मालन ओव्हाळनं हे का म्हटलं ते तिचं तिलाच कळलं नाही. दुकान दुसऱ्याचं, कॉफीच्या बिया दुसऱ्याच्या, मोजणारा तिसराच कुणी. ही आपली श्रावणातली सर चुकवायला मुलुंडच्या त्या किराणा दुकानाच्या ताडपत्रीखाली येऊन उभी राहिलेली. पण सवय वाईट असते बघा. औषध कंपनीच्या लॅबमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूड तोलत बसणारी मुलगी ती. समोर कुणी मोजताना चुकलं की तिच्या जिवाला चैन पडायची नाही.

मोजणारा थांबला. तिशी ओलांडलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, कपाळावर भट्टीचा घाम. हातात पितळेचं माप, पुढ्यात बिया भाजायचा लोखंडी ढोल.

“काय राहिलं?”

“एक! तुम्ही लाभ म्हणालात, मग एकदम दोन, मग तीन. एक कुठे गेलं?”

तो हसला. डोळ्यांनी आधी, ओठांनी मागाहून. “लाभ म्हणजेच एक.”

“मग सरळ एक म्हणा ना.”

“आमच्यात पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. आजोबा कोकणात भात मोजायचे तेव्हापासूनचं आहे. एक म्हटलं की ते माप एकटं पडतं. सुरुवातच एकटेपणानं कशाला करायची? म्हणून लाभ.”

मालननं यावर काहीतरी झणझणीत उत्तर द्यायचं ठरवलं होतं, पण तेवढ्यात ढोल फिरायला लागला नि भाजणीचा वास सुटला... आणि ती नुसती तो वास घेत राहिली. सर थांबली, रस्त्यावरच्या छत्र्या मिटल्या, तरी ती तिथंच उभी.

तो वास तिच्या ओळखीचा होता. तो रुक्मिणीमामीच्या घरचा वास होता.

आता रुक्मिणीमामी कोण ते सांगायला हवं. मालनचं घर तिसऱ्या मजल्यावर. एक खोली, एक स्वयंपाकघर, एक गॅलरी आणि एक मालन. आई गेली, आणि भाऊ सहदेव लग्न करून कांदिवलीला राहायला गेला. तो बोलवायचा, वहिनीही बोलवायची, नाही असं नाही. पण बोलावणं वेगळं नि वाट बघणं वेगळं. वाट बघायची ती समोरच्या दारातली रुक्मिणीमामी. जिन्यात मालनची चप्पल वाजली की मामीचं दार उघडायचं, आणि मामी तिच्या मराठीत विचारायची, “मालन, आला काय?” मालननं ते मराठी कधी दुरुस्त केलं नाही. मग पितळी फिल्टरमधून थेंब थेंब उतरलेली कॉफी, दोन पितळी पेले, आणि दिवसभरात काय काय झालं त्याच्या गप्पा.

मामीचे यजमान निवृत्त झाले आणि मे महिन्यात दोघं कायमची पालघाटला गेली. जाताना मामीनं फिल्टर, हातचक्की आणि दोन्ही पेले मालनच्या हातात ठेवले. कॉफी कशी करायची ते सगळं सांगितलं. फक्त बिया किती घ्यायच्या म्हणून विचारलं, तर म्हणाली, “हात सांगते.”

मालनच्या हाताला काय सांगता येणार, कपाळ! त्याला तराजूशिवाय बोलायची सवयच नव्हती.

तेव्हापासून समोरच्या दाराला कुलूप. संध्याकाळी जिना चढताना चप्पल वाजायची, आणि वाजून वाजून गप्प व्हायची. रविवारी सगळ्या बिऱ्हाडांतून टीव्हीवरच्या सिनेमाचा आवाज एकदम यायचा, तेव्हा तर मालनला आपलं घर फारच मोठं वाटायचं.

“देऊ का थोड्या?” दुकानदारानं विचारलं. “ताज्या आहेत. घरी माणसं किती?”

“एक,” मालन म्हणाली.

त्यानं तोंड उघडलं.

“लाभ म्हणू नका!”

“नाही म्हटलं,” तो म्हणाला, आणि मान खाली घालून पुडा बांधायला लागला. पण त्याच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र कुठल्या कुठे गेलं होतं.

*

मालननं आपल्या परीनं शास्त्र बसवलं. वीस ग्रॅम बिया म्हणजे वीस ग्रॅम. लॅबमधल्या काचेच्या पेटीतल्या तराजूवर तोलायच्या, कागदाच्या पुड्या करून पर्समधून घरी आणायच्या, चक्कीत दळायच्या. पाणी मोजून, दूध मोजून. पहिली कॉफी बरी झाली. पुढच्या पुड्यातली अशी कडू की तिनं अर्धी मोरीत ओतली, वर फिल्टर तुडुंब भरून ओट्यावर सांडला तो वेगळाच. त्याच्या पुढची तर नुसतं धुवण.

एका शनिवारी ती पदर खोचूनच भांडायला निघाली. म्हणजे पंजाबी ड्रेस होता, पण अवतार पदर खोचल्याचाच.

“आलात?” तो म्हणाला.

झालं! पाठ केलेलं सगळं भांडण त्या एका शब्दानं वितळलं. “आलात?” कित्येक आठवड्यांत कुणी तिला हे विचारलं नव्हतं.

“तुमच्या बिया खोट्या आहेत.”

“खऱ्या आहेत. चावून बघा.”

“मस्करी नकोय. एकदा कॉफी जहर होते, एकदा नुसतं पाणी. वजन तेच, पाणी तेच, फिल्टर तोच. मग बदललं काय?”

“वजन?” त्यानं भुवया उंचावल्या. “तुम्ही बिया तोलता?”

“वीस ग्रॅम. लॅबच्या तराजूवर.”

“अहो, कॉफी करता की कफ सिरप?”

ती वळून चालायलाच लागली. “ओ, थांबा, थांबा!” तो गल्ल्यामागून धावत बाहेर आला. “चुकलं. या इकडे, दाखवतो.”

त्यानं दोन डबे उघडले. एकातल्या बिया बदामी, दुसऱ्यातल्या काळपट. दोन सारखी छोटी पितळी मापं घेतली, एकात बदामी, एकात काळपट भरल्या, वर बोट फिरवून दोन्ही सपाट केली आणि त्या बिया तराजूच्या दोन पारड्यांत ओतल्या. बदामी बियांचं पारडं झपकन खाली गेलं.

“माप सारखंच होतं ना?” तो म्हणाला. “पण भट्टी रोज सारखी चालत नाही, पावसाळ्यात तर नाहीच. बी जास्त भाजली की फुगते, आणि आतलं पाणी उडून हलकी होते. तुम्ही वीस ग्रॅम काळ्या बिया घेतल्यात, की त्या ढीगभर येतात. कॉफी कडू. बदामी घेतल्यात, की मूठभरच येतात. कॉफी पाणी. मापानं घेतल्यात तर काळ्या आपोआप कमी येतात. माप सांभाळून घेतं.”

मालननं पारड्यांकडे बघितलं. तिला पटलं होतं. पटलं की तिला राग यायचा.

“पण वजन खोटं बोलत नाही,” ती म्हणाली. “तुमच्या मापाचं काय? बोट फिरवलंत तर वेगळं, वर ढीग ठेवलात तर वेगळं.”

“ढिगाला शीग म्हणतात.”

“काहीही म्हणा. माप हातावर अवलंबून, हात मनावर अवलंबून. अशानं कुणाचा विश्वास बसेल?”

“खोटं माप पण बोलत नाही,” तो म्हणाला. “फक्त... माणूस बघून बोलतं.”

हे म्हणताना त्यानं बघितलं मात्र तराजूकडे. आणि मालननं उगाचच छत्रीची मूठ नीट केली, जी मुळात नीटच होती.

मग त्यानं त्या दोन मापांतलं एक तिच्या हातात ठेवलं. “याला निळवं म्हणतात. आजीची जोडी आहे. एका माणसाच्या कडक कॉफीला एक निळवं बिया. हे तुमच्याकडे राहू दे, दुसरं दुकानात. नाही पटलं तर परत आणा.”

“आणि हरवलं तर?”

“तर मी रोज घरी विचारायला येईन, सापडलं का म्हणून.”

“मग जपूनच ठेवायला हवं,” मालन फणकाऱ्यानं म्हणाली. पण निळवं पर्समध्ये ठेवताना तिनं ते रुमालात गुंडाळलं.

त्याचं नाव जयवंत शेट्ये. शेजारच्या इमारतींत तमिळ, केरळी बिऱ्हाडं पुष्कळ, म्हणून वडिलांनी किराणा दुकानात हा ढोल बसवला होता. वडील गेले, आई गावाला खारेपाटणकडे, आणि जयवंत दुकानाच्या माळ्यावर एकटाच राहायचा. हे त्यानं सांगितलं नाही हं. संध्याकाळी एका स्टोव्हवर एक पोळी शेकताना मालननं त्याला बघितलं, आणि तिचं तिनं ओळखलं. एकटी माणसं एकमेकांना ओळखतात.

*

बिया ठेवल्या की मरतात, म्हणून बुधवारी नि शनिवारी तीन तीन निळवी न्यायची असं त्यानं फर्मान काढलं.

“हा तर औषधाचा डोस झाला,” ती म्हणाली.

“तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगितलं.”

कॉफी जमायला लागली. अगदी मामीची नाही, पण मामीच्या गल्लीतली. तरी मालन ती मालनच! हार कशी मानणार? जयवंतनं मोजून दिलेला पुडा ती पुढच्या कामाच्या दिवशी लॅबमध्ये न्यायची, आणि जेवणाच्या सुट्टीत दोऱ्यासकट तराजूवर ठेवायची. मापातला खोटेपणा तिला पकडायचा होता.

पकडला. पुड्याचं वजन वाढत होतं.

आधी तिला वाटलं, भाजणी फिकी असेल. विचारलं, तर तीच, बदामी. मग वाटलं, बियांना दमट हवा लागली असेल. पण भाद्रपद संपून ऊन पडलं तरी वजन आपलं चढतंच. थोडं थोडं, पण दर खेपेला.

“सोनं तोलतेस की काय गं?” शेजारच्या टेबलावरची विमला म्हणाली.

“कॉफी आहे.”

“कॉफी तोलताना कुणी असं गालातल्या गालात हसतं? यार, कोण आहे तो?”

“गप गं,” मालन म्हणाली, आणि कानापर्यंत लाल झाली.

त्या बुधवारी ती थेट गल्ल्यापाशी जाऊन उभी राहिली. “अहो शेट्ये, तुमचं माप वाढतंय.”

“पितळ आहे. ते कसं वाढेल?”

“मग हात वाढतोय. प्रत्येक पुडा आधीच्यापेक्षा जड आहे. मी तोललेत.”

“पुडे तोललेत?” जयवंतचे कान तांबडे झाले. थोडा वेळ तो नुसता दोऱ्याचं टोक शोधत राहिला. मग म्हणाला, “पकडलंत. शीग लागते कधीकधी... आपोआप.”

“सगळ्यांनाच लागते?”

“सगळ्यांना लावली तर दिवाळं निघेल माझं!”

मागे एक बाई रवा मागत होत्या. “देतो हं ताई,” तो म्हणाला. आणि मालनच्या डोक्यात एकदम उजेड पडला. हा सगळ्यांना ताई म्हणतो, काकू म्हणतो, मावशी म्हणतो. बाई गेल्यावर तिनं विचारलंच.

“मला तुम्ही ताई का म्हणत नाही?”

“म्हणू?”

“नको!”

तो ‘नको’ इतक्या घाईनं आला की जयवंत पुडा बांधायचाच विसरला. ढोल थंड होताना कडकड आवाज करत होता.

“नाव तरी सांगा मग,” जयवंत हळूच म्हणाला.

मालन ताठ झाली. हा प्रश्न कधीतरी येणार हे तिला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर ती कधीच अर्धवट द्यायची नाही. “मालन ओव्हाळ. आमच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत. आधीच सांगितलेलं बरं. उगाच नंतर...”

“नंतर काय?”

“काही नाही. माहीत असावं म्हणून.”

“माहीत झालं.” त्यानं पुड्याची गाठ मारली आणि दोरा दातानं तोडला. “आता आणखी एक माहीत असावं म्हणून विचारतो. साखर किती घेता?”

मालनला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं, दोन्ही एकदम. “दोन चमचे.”

“मी पण,” जयवंत म्हणाला.

त्या संध्याकाळी मालननं कॉफी केली आणि गॅलरीत बसून प्यायली. मामीचा एक पेला हातात, दुसरा नेहमीसारखा फळीवर पालथा. किती वेळा तिच्या मनात आलं, त्याला एकदा घरी बोलवावं... पण कसं बोलवणार? जिन्यातली माणसं काय म्हणतील, हा प्रश्न होताच. आणि तो नाही म्हणाला तर काय करायचं, हा त्याहून मोठा प्रश्न होता.

*

दिवाळीत जयवंत आईकडे गावाला गेला. दुकानाची फळकुटं बंद. समोरचं दार बंद होतंच, आता हेही बंद. लोकांच्या दारात कंदील, जिन्यात चकलीचा वास, आणि मालन फिल्टरपुढे बसून थेंब ऐकतेय. कांदिवलीला दोन दिवस राहून आली, भाच्यांना फुलबाज्या दिल्या, पण परतताना पाय मात्र दुकानावरून वळसा घालून आले. तेव्हा तिला लख्ख कळलं. तिला कॉफी हवी नव्हती. तिला तो ‘आलात?’ हवा होता. ती जयवंतवर प्रेम करत होती, आणि ते कुठल्याही तराजूवर ठेवून बघायची गरज उरली नव्हती.

आणि नेमकं तेव्हाच साहेबांनी बोलावलं. लॅब गुजरातेत हलणार होती. येतील त्यांना बढती. न येतील त्यांनी भांडुपच्या जुन्या विभागात आहे त्याच पदावर राहायचं. उत्तर सोमवारी हवं.

मालनला जायचं नव्हतं. पण राहायचं तरी कुणासाठी? एका बंद दारासाठी नि एका फिल्टरसाठी? इथं आपलं कुणी आहे का, एवढं तिला एकदा कळायला हवं होतं.

जयवंत गावाहून परतला, त्याच बुधवारी ती दुकानात गेली. “आलात?” तो असा काही म्हणाला की ती तिथंच सगळं बोलून टाकणार होती. पण बोलली भलतंच.

“शेट्ये, मी गुजरातेत चाललेय... बहुतेक.”

‘बहुतेक’वर तिनं अख्ख्या जिवाचा जोर दिला होता. पण त्या बाबाला नेमकं तेवढंच ऐकू आलं नाही.

“कायमच्या?”

“कायमची. बढती आहे.”

जयवंतचा हात डब्यातच राहिला. तो म्हणाला, “चांगलं आहे.”

“एवढंच?”

“मोठी जागा मिळतेय. चांगलंच आहे की.”

“शनिवारी शेवटच्या बिया नेईन,” मालनचा आवाज कोरडा झाला. “निळवं पण परत आणते.”

“निळवं राहू दे.”

आता सांगा! एरवी एका शब्दाला चार शब्द देणारा माणूस, ऐन वेळी याची दातखीळ बसली. आणि ही तरी काय, ‘जाऊ नको म्हण’ एवढं तोंडानं बोलली असती तर जीभ झडली असती? दोघांना समोरासमोर बसवून कान पिळायला हवे होते. पण तिथं पिळणारं कोण होतं? मामी तिकडे पालघाटला.

शनिवारी तो आत ढोलापाशी पाठमोरा उभा राहिला. तिथूनच बिया मोजल्या. तोंडानं मोजल्या नाहीत. आज लाभ नाही, दोन नाही, काही नाही. पुडा बांधून, दोऱ्याचे चार फेर देऊन गल्ल्यावर ठेवला.

“नीट राहा,” म्हणाला.

मालन पायरीवर थांबली. थोडी आणखी थांबली. मग पुडा पर्समध्ये कोंबून निघाली. वळून बघितलं नाही, कारण डोळे भरलेले होते.

रविवारी ती कांदिवलीला गेली, सहदेवला सगळं सांगितलं. “तुझं मन काय म्हणतंय?” त्यानं विचारलं. “सोमवारी सांगते,” ती म्हणाली. कारण पुडा अजून पर्समध्येच होता, बांधलेला. मनात तिनं एक ठरवलं होतं. तोंडानं नाही बोलला ना? मग हात काय बोलला ते बघू. शीग असेल तर राहायचं.

सोमवारी लॅबमध्ये गेल्या गेल्या तिनं पुडा तराजूवर ठेवला.

“बाप रे, आज केवढा पुडा गं!” विमला म्हणाली. मालनला ते ऐकूच आलं नाही. ती काट्याकडे बघत होती.

वजन कमी होतं. मागच्या पुड्यापेक्षा कमी, त्याच्या मागच्यापेक्षा कमी. पार पहिल्या दिवसाइतकं. म्हणजे बोट फिरवलं त्यानं. परक्या गिऱ्हाइकाला द्यावं तसं सपाट माप दिलं.

वजन खोटं बोलत नाही, हे तिचंच वाक्य. ती उठली, साहेबांच्या केबिनमध्ये गेली आणि जाते म्हणून सांगून आली.

*

संध्याकाळी जिन्यात चप्पल वाजली. वाजून गप्प झाली. मालननं दिवा लावला, पुड्याचा दोरा कापला. कॉफी तर करायलाच हवी होती, सवय होती ना.

बिया परातीत ओतल्या, आणि ती बघतच राहिली.

काळ्याकुट्ट. तेल सुटलेल्या, फुगून टरारलेल्या. करपल्याच होत्या जवळजवळ. जयवंतनं अशा बिया कधी कुणाला दिल्या नव्हत्या. असं भाजायला माणूस ढोलापुढे उभा असून नसल्यासारखा हवा... दुसरीकडेच कुठेतरी हरवलेला हवा.

बी जास्त भाजली की फुगते, आणि हलकी होते.

मालन उठली. तिनं निळवं घेतलं. भरलं, बोट फिरवून सपाट केलं, वाडग्यात ओतलं. दुसरं. तिसरं. परातीत अजून बिया होत्याच. चौथं काठोकाठ भरलं, तरी मूठभर उरल्या. तीन मागितली होती. जयवंतनं आजवर लावली नव्हती एवढी शीग लावली होती. आणि ही बाई तराजू घेऊन बसली होती!

“अगं मूर्खे!” मालन मोठ्यानं म्हणाली. घरात कुणी नव्हतं म्हणून बरं.

सगळ्या बिया वाडग्यात लोटून, चपलाही धड न घालता ती जिना उतरली आणि दुकान गाठलं. जयवंत एकेक फळकूट लावून दुकान बंद करत होता. तिनं बियांचा वाडगा आणि निळवं गल्ल्यावर आपटलं.

“हे काय आहे?”

“करपल्या ना?” तो वरमला. “बदलून देतो. चुकून...”

“बदलायच्या नाहीत. मोजा.”

“आता?”

“आत्ता. तोंडानं.”

त्यानं निळवं भरलं. “लाभ...” आवाज बसलेला. “दोन... तीन...” वाडग्यातल्या उरलेल्या बियांकडे बघून तो थांबला.

“मी किती मागितली होती, जयवंत?”

तिनं पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली होती. त्यानं निळवं खाली ठेवलं.

“तुम्ही जाणार म्हणालात त्या रात्री झोप नाही लागली. सकाळी ढोल फिरवायला घेतला, नि लक्षच राहिलं नाही. धूर झाला तेव्हा कळलं. शनिवारी मोजायला बसलो तर हात थांबेचना. वाटलं, या संपेपर्यंत तरी तिकडे आमची आठवण राहील.”

“आणि मी वजन केलं रे!” मालनला रडू फुटलं. “कमी भरलं. मला वाटलं, तुला काहीच वाटत नाही. साहेबांना हो म्हणून आले मी!”

“मग मला विचारायचं ना.”

“तू बोलायचं ना! ‘चांगलं आहे’ म्हणे!”

“तुझी बढती होती. मी काय म्हणणार होतो? जाऊ नको, मी तुला दर महिन्याला किराणा भरून देईन?”

रडता रडता ती हसली. तोही हसला. मग एकदम गंभीर झाला. “दिवाळीत गावाला गेलो होतो ना, तो आईला सांगायला गेलो होतो. नाव, आडनाव, सगळं सांगितलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. निघताना पायरीवर येऊन म्हणाली, माझ्या सासूचं निळवं ती नीट ठेवते का, तेवढं विचार.”

मालननं गल्ल्यावरचं निळवं उचललं, ओढणीनं पुसलं आणि मुठीत घट्ट धरलं.

“उद्या सकाळी जाऊन साहेबांना नाही म्हणून सांगते.”

“माझ्यासाठी नको हं. मागाहून मनाला लागेल तुझ्या.”

“तुझ्यासाठी नाही. मला जायचं नव्हतंच. इथं माझं कुणी आहे का, एवढंच कळत नव्हतं.” तिनं डोळे पुसले. “चल. कॉफी करते.”

“या बियांची? कडूजहर होईल.”

“होऊ दे. साखर दोन चमचे आहे ना.”

तिसऱ्या मजल्यावरचं दार मालननं मुद्दाम सताड उघडं ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्यानं खुशाल बघावं. जयवंत खाली बसला, हातचक्की मांडीशी घेतली, आणि काळ्या बिया पुढ्यात ओढल्या. भिंतीवरच्या दोन्ही फोटोंकडे त्यानं एकदा बघितलं, मान लववली.

“किती घालू?” त्यानं निळवं हातात घेत विचारलं. “घरी माणसं किती?”

मालननं मामीचा पेला ओट्यावर ठेवला.

“लाभ,” ती म्हणाली.

मग फळीवर हात नेला, मे महिन्यापासून पालथा पडलेला दुसरा पेला उचलून सुलटा केला, आणि पहिल्याला खेटून ठेवला.

“दोन.”